एकच दात वाकडा आहे? आधी जागेचा हिशोब करा, तार की अलाइनर ते नंतर बघू

बाकी सगळे दात सरळ आणि एकच पुढचा दात आडवा, नाहीतर बाजूचा दात मागे दबलेला, नाहीतर सुळा वर चढून बसलेला, असं बऱ्याच जणांचं असतं. मग प्रश्न हाच पडतो की एका दातासाठी तोंडभर तारा लावायच्या का? बहुतेक वेळा तोंडभर लावायची गरज नसते, पण नुसत्या त्या एका दाताला लावूनही भागत नाही. असं का, ते समजलं की डॉक्टरसमोर बसून काय विचारायचं ते आपोआप सुचतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

पायरी १: आधी स्वतः नीट बघा

चांगल्या उजेडात आरशासमोर उभं राहा आणि ओठ बोटांनी वर ओढून बघा. नुसतं समोरून बघून कळत नाही, मोबाईल हनुवटीखाली धरून वरच्या दातांचा एक फोटो काढा, म्हणजे कडा कशा लागल्यात ते दिसतं. दात जागच्या जागी फिरलाय का, पुढे झुकलाय का मागे गेलाय, शेजारच्या दातावर चढलाय, का पुरता खाली उतरलेलाच नाही? हे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा उपाय पण वेगळा. झुकलेला दात सरळ करणं त्यातल्या त्यात सोपं, फिरलेला दात सरळ होतो पण परत फिरायला बघतो, आणि वर राहिलेला दात खाली ओढून आणणं वेळखाऊ.

आता दाढा एकमेकांवर टेकवून तोंड हळूच बंद करा. तो दात सगळ्यात आधी आपटतो का? वरचा दात खालच्या दाताच्या मागे अडकतो का? याला उलटा चावा म्हणतात आणि हे नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही, कारण त्या दोन दातांवर रोज चुकीच्या दिशेने जोर पडत राहतो, कडा झिजतात आणि कधीकधी खालच्या दाताची हिरडी खाली सरकायला लागते. असं असेल तर ते फार दिवस लांबणीवर टाकू नका.

अजून एक गोष्ट, दात लहानपणापासूनच वाकडा आहे का हल्ली हल्ली सरकलाय? मोठ्या माणसाचा सरळ असलेला दात अचानक पुढे यायला लागला, फट पडायला लागली, ब्रश करताना रक्त येतं, दात थोडा हलतोय असं वाटतं, तर बऱ्याचदा हिरड्यांचा आजार असतो आणि आतलं हाड कमी झालेलं असतं. अशा वेळी तारांचं नाव नंतर काढायचं, आधी हिरड्यांचे उपचार, कारण सुजलेल्या हिरडीतला दात ओढला तर उरलेलं हाडसुद्धा जाऊ शकतं.

पायरी २: जागेचा हिशोब

सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. तिघांच्या बाकावर चौघे बसले की एकजण तिरका होऊन बसतो, त्याला कितीही सांगा सरळ बस म्हणून, तो बसू शकत नाही. दातांचं तेच. वाकडा दिसतो एक, पण जागा कमी पडलेली असते सगळ्या रांगेत. त्यामुळे "हा दात सरळ करायला कशाने ओढणार" याच्या आधीचा प्रश्न "याला जागा कुठून आणणार" हा आहे, आणि याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठल्याच उपचाराला हो म्हणू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी अंदाज घ्यायचा तर फ्लॉसचा दोरा घ्या आणि वाकड्या दाताच्या दोन्ही बाजूंनी घालून बघा. दोन्हीकडे घट्ट, ओढून काढावा लागतोय, म्हणजे जागा नाही. एका बाजूला सैल जातोय, म्हणजे तिथे थोडी मोकळी जागा आहे आणि काम बरंच सोपं आहे.

जागा मिळवायचे मार्ग ठरलेले आहेत. पहिला म्हणजे दातांच्या कडा अगदी थोड्या घासणं. डॉक्टर बारीक पट्टी दोन दातांच्या मध्ये घालून दोन्हीकडचं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, मिळून ०.२ ते ०.५ मिलिमीटर काढतात. ऐकायला भीती वाटते पण एनॅमलला संवेदना नसते त्यामुळे दुखत नाही, फक्त दातांतून घासल्याचा करकर आवाज थेट कानात जातो, तो मात्र वैताग आणतो. आता गणित करा, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत सहा दात, त्यांच्यामध्ये पाच सांधे, प्रत्येक सांध्यात ०.३ म्हटलं तरी दीड मिलिमीटर जागा निघाली. एक दात थोडा दबलेला असेल तर तेवढ्यात काम होऊन जातं. घासल्यावर पॉलिश करून फ्लोराइड लावतात, आणि एकदा काढलेलं एनॅमल परत येत नाही हे लक्षात ठेवून किती घासणार ते आधी विचारून घ्या.

दुसरा मार्ग, पुढचे दात थोडे पुढे आणायचे किंवा कमान थोडी रुंद करायची. पुढचे दात १ मिलिमीटर पुढे आले की दोन्ही बाजू मिळून साधारण २ मिलिमीटर जागा होते. पण दात आधीच पुढे असतील किंवा खालच्या दातांची हिरडी पातळ असेल तर हे करू नये, हिरडी उतरते आणि मुळं दिसायला लागतात.

तिसरा मार्ग दात काढणं. खालच्या पुढच्या चार दातांपैकी एक फारच बाहेर फेकला गेला असेल तर कधीकधी तोच काढतात. तो दात साधारण ५ मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे जागाच जागा होते, पण मग वर चार आणि खाली तीन असं राहतं, वरची मधली रेघ खालच्या दाताच्या मध्यावर येते, आणि चावा जुळेल का ते आधी मॉडेलवर किंवा स्क्रीनवर मांडून बघावं लागतं. काही लोकांना "एक दात काढून टाका, मोकळे व्हा" हे फार सुटसुटीत वाटतं, पण रिकामी जागा आपोआप नीट भरत नाही, बाजूचे दात वाकडेतिकडे झुकतात आणि एकाचे दोन प्रश्न होतात.

पायरी ३: कोणाकडे जायचं आणि काय सांगायचं

दात सरळ करण्याचं वेगळं शिक्षण घेतलेला डॉक्टर म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. नेहमीचे डेंटिस्टसुद्धा साधी केस करतात, पण सुळा अडकलाय, उलटा चावा आहे किंवा दात खूप फिरलाय, तर तज्ज्ञालाच दाखवा. पहिल्या भेटीत फोटो, दातांचं माप किंवा तोंडातला स्कॅन, आणि सगळे दात एकत्र दिसणारा मोठा एक्सरे असतो, त्याला ओपीजी म्हणतात. एक्सरे न काढता कोणी थेट तार लावायला निघालं तर थांबा. मुळं केवढी आहेत, हाड किती आहे, वरून एखादा जादाचा दात अडून बसलाय का, हे बाहेरून दिसत नाही.

तुमच्याकडून सांगायच्या गोष्टी पण आहेत. त्या दाताला कधी मार लागला होता का हे आवर्जून सांगा, कारण मार लागलेला दात कधीकधी हाडाला चिकटून बसतो आणि असा दात कितीही ओढला तरी हलत नाही, उलट शेजारचेच दात त्याच्याकडे ओढले जातात. रूट कॅनल झालेला दात सरकवता येतो, इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, सरकत नाही. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील, मधुमेह असेल, गरोदर असाल तर तेही आधीच सांगायचं. आणि किडलेले दात भरून, दात साफ करून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

वयाचं विचारत असाल तर वरची मर्यादा अशी काही नाही. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, त्यावर हलका दाब पडला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन भरतं, दात सरकतो तो असा, आणि हे कुठल्याही वयात होतं. वेग अंदाजे महिन्याला १ मिलिमीटर. जोर वाढवला म्हणून दात लवकर सरकत नाही, मुळाला मात्र इजा होऊ शकते.

पायरी ४: पर्याय

काहीच न करणं हाही पर्याय आहे आणि तो कोणी फारसा सांगत नाही. दात थोडासाच तिरका आहे, चावा बरोबर आहे, ब्रश-फ्लॉस सगळीकडे पोचतंय आणि तुम्हाला स्वतःला त्याचं काही वाटत नाही, तर राहू द्या. फक्त आत्ताचे फोटो किंवा स्कॅन जपून ठेवा, कारण खालचे पुढचे दात वयाबरोबर अजून दाटीत जातात आणि नंतर तुलना करता येते. अक्कलदाढ ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात असं सर्रास सांगतात, त्याला भक्कम आधार नाही, तेवढ्या एका कारणासाठी चांगली अक्कलदाढ काढू नका.

काढता-घालता येणारी प्लेट. टाळूला बसणारी प्लास्टिकची प्लेट आणि तिला छोटी स्प्रिंग. लहान मुलाचा एकच वरचा दात खालच्याच्या मागे अडकला असेल आणि जागा असेल तर ही स्प्रिंग त्याला काही आठवड्यांत ते थोड्या महिन्यांत पुढे ढकलते. स्वस्त आणि साधा उपाय आहे, पण प्लेट दाताला फक्त झुकवू शकते, मुळासकट सरकवणं किंवा नीट फिरवणं तिला जमत नाही. आणि सुरुवातीला बोलताना जीभ अडखळते, चार दिवसांत सवय होते.

थोड्याच दातांना तारा. एका दाताच्या केससाठी मला हा पर्याय सगळ्यात प्रामाणिक वाटतो. एक दात ओढायचा म्हणजे त्याला ओढणारा कोणीतरी घट्ट पाहिजे, तार दाताला जेवढं ओढते तेवढंच आधाराच्या दातांनाही उलट ओढते, म्हणून नुसत्या एका दाताला ब्रॅकेट (दातावर चिकटवायचा, तार अडकवायचा छोटा तुकडा) लावून काही होत नाही. बहुतेक वेळा पुढच्या सहा दातांना, कधी चार पुढचे आणि दोन दाढा असं लावतात. ब्रॅकेट थेट दातावर चिकटवायची पद्धत अमेरिकन दंतवैद्य बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये एनॅमलवर आम्ल लावून ते खरबरीत करण्याची युक्ती दाखवल्यामुळे शक्य झाली, त्याआधी प्रत्येक दाताला धातूची पूर्ण पट्टी गुंडाळायचे, त्या मानाने आपण सुखात आहोत. साध्या केसला चार ते आठ महिने धरून चाला. धातूच्या ब्रॅकेट दिसतात, सिरॅमिकच्या दाताच्या रंगाच्या असतात पण जरा मोठ्या आणि ठिसूळ. दाताच्या आतल्या बाजूने लावायचा प्रकारही आहे, तो अजिबात दिसत नाही पण जिभेला टोचतो आणि खर्च जास्त.

अलाइनर. पारदर्शक प्लास्टिकचे साचे, एकामागून एक घालायचे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीच्या इन्व्हिझलाइनमुळे हे नाव घरोघरी गेलं, आता भरपूर कंपन्या आहेत. एक साचा दाताला साधारण ०.२५ मिलिमीटर सरकवतो आणि एक-दोन आठवड्यांनी बदलायचा. दिवसातून २० ते २२ तास घालायचे, म्हणजे खाणं, ब्रश आणि पाणी सोडून काही पिणं एवढ्यापुरतेच काढायचे. इथेच खरी परीक्षा आहे, कारण तार तोंडात बसलेली असते, ती काढून टेबलावर विसरता येत नाही, अलाइनर विसरता येतो. स्वतःवर भरवसा नसेल तर तारच बरी, यात लाजण्यासारखं काही नाही. झुकलेला, थोडा दबलेला दात अलाइनर छान करतो, पण गोलसर दात, म्हणजे सुळा आणि त्यामागची छोटी दाढ, फिरवताना प्लास्टिक त्याच्यावरून घसरतं, आणि दात खाली ओढून आणायलाही त्याला पकड मिळत नाही. म्हणून दातावर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात. "मला काही चिकटवणार नाहीत ना" म्हणून अलाइनर घेणारे यावर नाराज होतात, तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

पूर्ण तारा. बाहेरून एकच दात वाकडा दिसतो पण चावाच जुळत नाही, किंवा सुळा हाडात अडकलाय, तिथे हे टळत नाही. अडकलेल्या सुळ्यासाठी हिरडी थोडी उघडून त्याला साखळी चिकटवतात आणि हळूहळू खाली आणतात, दीड-दोन वर्षं किंवा जास्तही लागू शकतात.

आणि शेवटी दात न सरकवता दिसणं बदलायचं: कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरायचं साहित्य) लावणं, व्हिनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा), कॅप (पूर्ण दातावर बसणारं टोपण), कडा गोल करणं. दात थोडाच आत असेल किंवा कोपरा तुटका असेल तर कंपोझिट एका बैठकीत होतं आणि दात फारसा घासावाही लागत नाही. पण चांगला निरोगी दात फक्त वाकडा आहे म्हणून कॅपसाठी चारी बाजूंनी कोरून टाकणं मला पटत नाही, विशेषतः विशीतल्या माणसाचा. कॅप पुढे बदलावी लागते आणि कोरलेला दात पूर्वीसारखा होत नाही. लग्न-समारंभाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून असे निर्णय घेतले जातात, तेव्हा जरा दम धरा.

लहान मुलांचं वेगळं

सहा-सात वर्षांच्या मुलाचा खालचा नवीन दात दुधाच्या दाताच्या मागून उगवला की आईवडील घाबरतात. बहुतेक वेळा दुधाचा दात पडला की जीभ नवीन दाताला पुढे ढकलते, दुधाचा दात हलतच नसेल तर मात्र दाखवा. तसंच सात ते बाराच्या दरम्यान वरच्या पुढच्या दातांत फट आणि दात पंख्यासारखे फाकलेले दिसणं नेहमीचं आहे, सुळे उतरले की बरंचसं बंद होतं. पण दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या सुळ्याचा फुगवटा हिरडीवर बोटाला लागत नसेल तर तपासून घ्या, वेळेत कळलं तर कधी नुसता दुधाचा सुळा काढूनही मोठा सुळा वाटेला लागतो.

घरचे जुगाड नकोत

दोन दातांना रबर बँड घालून फट बुजवायचे व्हिडिओ फिरत असतात. दाताचं मूळ खाली निमुळतं असतं, त्यामुळे रबर घसरत हिरडीच्या आत जातं, बाहेरून दिसेनासं होतं आणि हाड खात मुळाच्या टोकाकडे सरकतं. असे चांगले दात गमावल्याची उदाहरणं आहेत. डॉक्टरने प्रत्यक्ष न बघता घरपोच येणाऱ्या अलाइनरचंही तसंच, एक्सरे नाही, हिरड्यांची तपासणी नाही, आणि कंपनी गेली तर विचारणार कोणाला? स्माइलडायरेक्टक्लब ही अशीच एक कंपनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली तेव्हा बरेच लोक अर्ध्या उपचारात अडकले.

पायरी ५: हो म्हणण्याआधी आणि चालू असताना

हो म्हणण्याआधी विचारा की जागा कशी करणार, किती दातांना लावणार, बाकीच्या चाव्यावर काय परिणाम होईल, रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारी तार किंवा साचा) खर्चात धरलाय का, आणि मनासारखं नाही झालं तर पुढचे साचे किंवा दुरुस्ती त्यातच आहे का वेगळी. एकमेकांवर चढलेले दात सरळ झाले की कधीकधी त्यांच्यामध्ये हिरडीपाशी काळा त्रिकोण दिसायला लागतो, मोठ्यांमध्ये जास्त, तुमच्या बाबतीत शक्यता किती तेही विचारा.

तार घट्ट केल्यावर किंवा नवीन साचा घातल्यावर पहिले दोन-चार दिवस दात ठणकतात, मऊ खा. गाल-ओठ घासला जात असेल तर डॉक्टर देतात ते मेण चिमूटभर घेऊन बोटावर मळा, ब्रॅकेट कोरडी पुसा आणि मग दाबा, ओल्यावर ते टिकत नाही. ब्रॅकेटभोवती अन्न साचून राहिलं तर तार काढल्यावर पांढरे डाग उरतात, त्यामुळे ब्रश दोन्ही बाजूंनी तिरका धरून ब्रॅकेटच्या वर आणि खाली वेगवेगळा फिरवायचा. अलाइनर घालून चहा-कॉफी नको, गरमाने आकार बदलतो आणि डाग पडतात ते वेगळंच. मागचा एक साचा टाकून देऊ नका, चालूचा हरवला तर दात परत सरकू नयेत म्हणून तोच कामाला येतो.

पायरी ६: रिटेनर

ज्यांचे दात परत वाकडे झाले त्यातल्या बऱ्याच जणांनी रिटेनर सोडलेला असतो. दात सरळ झाला तरी हिरडीतले ताणलेले धागे त्याला जुन्या जागी ओढत राहतात, फिरलेल्या दाताच्या बाबतीत तर हे धागे वर्षभर तरी निवळत नाहीत. म्हणून खूप फिरलेल्या दातासाठी काही डॉक्टर सरळ झाल्यावर हिरडीतले हे धागे सुन्न करून कापतात, छोटंसं काम असतं, त्याबद्दल विचारायला हरकत नाही. एका दाताच्या केसला मागून चिकटवलेली बारीक तार सोयीची, ती दिसत नाही आणि विसरताही येत नाही, पण तिच्या खालून फ्लॉस जात नाही, तिथे छोटा ब्रश घालावा लागतो नाहीतर दगडासारखं कडक कीटण साचतं. काढता येणारा रिटेनर आधी काही महिने जवळजवळ दिवसभर आणि मग रात्री. किती वर्षं, असं विचाराल तर दात सरळ हवे आहेत तितकी वर्षं, निदान आठवड्यातल्या काही रात्री.

चिकटवलेली तार एका दातावरून सुटली तर कळत नाही, बाकीचे दात धरलेले असतात आणि तो एकटा सरकायला लागतो, म्हणून अधूनमधून नखाने प्रत्येक दातामागे ती चाचपून बघा. काढता येणारा रिटेनर घालताना घट्ट वाटतोय पण पूर्ण बसतोय, तर काही दिवस दिवसाही घाला, दात परत जागेवर येतो. बसतच नसेल, एका कडेला उचललेला राहत असेल, तर दाबून बसवू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा आणि जाताना तो रिटेनर सोबत न्या.